ऐकू न आलेली ठकठक

मी एक जुनी, पंखांच्या कडा झिजलेली रानरेशमाची पतंगीण आहे. जुनी म्हणजे किती, असं तुम्ही विचाराल. खरं सांगायचं तर पंख फुटून मला आठवडासुद्धा झालेला नाही. पण आमच्यात एवढ्यातच म्हातारपण येतं. आता मी मोयेच्या झाडाच्या खोडाला धरून बसले आहे. पायांत जोर उरलेला नाही, उडायचं तर नावच नको. सांगायला वेळ थोडा आहे मित्रांनो, म्हणून आढेवेढे न घेता सुरू करते.

तुम्हाला ठाऊक असलेला रेशमाचा किडा टोपलीत वाढतो. त्याला माणसं वेळच्या वेळी तुतीचा पाला घालतात. मला असं कोणी खाऊ घातलं नाही. मी दूर दक्षिण गोलार्धातल्या काटामार्का प्रांताच्या कोरड्या डोंगरांतली, पोसो अमार्गो नावाच्या वस्तीजवळच्या रानातली. तिथे पाण्याचीच मारामार, मग आमचे लाड कोण करणार?

माझ्या आईने मोयेच्या पानाच्या पाठीवर अंड्यांचा एक छोटा पुंजका चिकटवला आणि ती गेली. मी तिला पाहिलं नाही. आमच्यात कोणीच आपल्या आईला पाहत नाही. अंड्याचं कवच कुरतडून बाहेर आले तेव्हा आजूबाजूला माझ्यासारखीच बारीक, काळपट भावंडं होती. पहिले काही दिवस आम्ही एकमेकांना खेटून एकाच पानावर जेवलो. आयुष्यात मला सोबत मिळाली ती तेवढीच. पुढे भूक वाढली, एक पान पुरेना, आणि जो तो आपापल्या फांदीने निघून गेला. कोणी कोणाला 'येते हं' म्हटलं नाही.

मग मी नुसती खात सुटले. कातडी तंग झाली की ती पाठीवर उलायची. मी तिच्यातून बाहेर यायचे आणि वाया कशाला घालवायची म्हणून तीच खाऊन टाकायचे. दर वेळी रंग बदलायचा. शेवटी मी चांगली बोटाएवढी जाड झाले, हिरवीगार, अंगावर पांढरे नि तांबूस पट्टे. स्वतःचं कौतुक करू नये, पण दिसायला मी बरी होते.

माझ्या शेजारच्या फांदीवर माझी एक बहीण होती. एका दुपारी एक राखाडी माशी तिच्या पाठीवर क्षणभर बसली आणि उडाली. बहिणीने मानसुद्धा वर केली नाही, खातच राहिली. पुढे तिनेही माझ्यासारखाच सुबक कोष विणला. पण त्या कोषातून पतंग निघाला नाही. माशा निघाल्या. ती माशी माझ्या फांदीवर का बसली नाही, याचं उत्तर मला आजही ठाऊक नाही.

एके दिवशी भूक अचानक संपली. पोट हलकं केलं, एक डहाळी निवडली आणि कामाला लागले. मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं हे एकच काम मला अभिमानाने सांगावंसं वाटतं. आधी मी ओठातल्या धाग्याने एक देठ विणला आणि तो डहाळीला पक्का गुंडाळला, म्हणजे थंडीत पानं गळली तरी मी गळून पडणार नाही. मग देठाला लोंबता कोष विणला, करडा, चकाकणारा, चामड्यासारखा चिवट. वरच्या टोकाला मात्र धागे चिकटवले नाहीत, सुटेच ठेवले. ते माझं दार. आतून ढकललं की उघडतं, बाहेरून कोणाला सापडत नाही, आणि मी गेल्यावर आपोआप मिटतं.

त्या दारामागे मी शेवटची कात टाकली आणि माझे पाय, जबडे, सगळं गेलं. उरला एक तपकिरी, गुळगुळीत गोळा. त्याला फक्त शेपटी हलवता येते. कोषाला धक्का बसला की मी शेपटी उडवायचे आणि आतल्या भिंतीवर आपटायचे. ठक्क. मला येत होता तो एवढा एकच शब्द.

थंडी आली. पानगळीने रान उघडं पडलं. मोये तेवढा बाराही महिने हिरवा असतो, पण माझी डहाळी मोयेची नव्हती. खाऊन झाल्यावर मी शेजारच्या बोडक्या झाडावर गेले होते. कुठून ती बुद्धी झाली! वारा मला दिवसभर झुलवायचा. शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा जवळ यायच्या, लांब जायच्या. कोषात झोप असते, असं लोक समजतात. झोप कसली? वाट पाहणं असतं, आणि कोणाची वाट पाहायची तेही माहीत नसतं.

आणि मग एका पहाटे एर्मेलिंदा आली.

एर्मेलिंदा म्हणजे पोसो अमार्गोची रानरेशीम विणणारी बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात एकटी. कोष तोडायचे, चुलीवर राखेच्या पाण्यात उकळायचे, म्हणजे डिंक सुटतो. मग बोटांनी पिंजायचे, टकळीवर सूत काढायचं, मागावर शाल विणायची. तिच्या शालीला सुरकुती पडत नाही, असं डोंगरापलीकडची माणसंही म्हणत.

पण या कामाला एक नियम आहे, आणि तो तिथल्या विणकरांनी जाणूनबुजून कधी मोडलेला नाही. पतंग निघून गेलेलेच कोष घ्यायचे. आत जीव असला तर फांदीवर राहू द्यायचा. आता आमचं दार मिटून जातं, म्हणून नुसतं पाहून रिकामा कोष ओळखता येत नाही. वजनावरून कळावं तर जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन थंडीत, पहाटे सगळेच कोष दवाने भिजून जड असतात. तेव्हा कोष कानाशी धरून हलवायचा. आत वाळलेलं सालपट खुळखुळलं तर घर रिकामं. ठक्क असा जड आवाज आला तर मालकीण घरात आहे, हात लावायचा नाही.

हे ऐकणं एर्मेलिंदाला तिच्या सासूने शिकवलं होतं. सासूला स्वतःची मुलगी होती, रुफिना. पण सासू म्हणाली, "हिचं लक्ष कधी जागेवर असतं का? सुनेचे कान बघा, मुंगी चालली तरी टिपतील." तेव्हापासून माग एर्मेलिंदाकडे आला आणि रुफिनाकडे शेळ्या. आयुष्यभर एर्मेलिंदा त्या एका शाबासकीवर जगली होती.

तिने आकडीच्या काठीने माझी डहाळी खाली ओढली, मला तोडलं आणि कानाशी धरून हलवलं. मी होती नव्हती ती ताकद लावून शेपटी आपटली. ठक्क! पुन्हा हलवलं. ठक्क, ठक्क!

"रिकामा," ती स्वतःशीच म्हणाली आणि मला पोत्यात टाकलं.

मला वाटलं, ही बाई दुष्ट आहे. पोत्यात अंधारात मी किती वेळ आपटत राहिले असेन! आजूबाजूला सगळी रिकामी घरंच, असं मला वाटलं, नुसती सालपटं खुळखुळत होती. त्या गर्दीत मी जितकी एकटी होते तितकी झाडावरही नव्हते.

एर्मेलिंदा दुष्ट नव्हती. तिला ऐकूच येत नव्हतं. कधीपासून, ते तिचं तिलाही ठाऊक नसेल. आवाज हळूहळू विरत गेले होते आणि तिला वाटायचं, हल्ली कोषच मुके झालेत. समोरच्याचं बोलणं ती नकळत ओठांवरून जुळवून घ्यायची, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

घरी आल्यावर तिने चुलीवर राखेचं पाणी चढवलं. तेवढ्यात रुफिना आली. ती कोरड्या नदीच्या पलीकडे राहते आणि रोज सकाळी वहिनीकडे माते नावाच्या पाल्याच्या कडू, कढत काढ्याचा पेला घ्यायला येते. दोघी एकमेकींना टोचून बोलतात आणि एकमेकींवाचून त्यांना करमतही नाही. एर्मेलिंदाने पोत्यातून ओंजळभर कोष काढले, त्यात मी होते. पाण्याची वाफ मला खालून लागली. मी जिवाच्या आकांताने आपटले.

"वहिनी, थांबा!" रुफिना ओरडली आणि तिने एर्मेलिंदाचं मनगट धरलं. "त्यात जिवंत आहे एक. वाजतंय बघा."

"काही वाजत नाही. थंडीने तुझेच दात वाजत असतील."

"माझे दात राहिलेत किती वाजायला? ऐका जरा नीट."

"चाळीस वर्षं ऐकते आहे मी. तू मला शिकवणार? शेळ्या वळ तुझ्या."

रुफिनाने ओंजळ चाचपून मला बरोबर बाहेर काढलं आणि वहिनीच्या कानाला लावून हलवलं. मी आपटले. मग दुसऱ्या कानाला लावलं. मी पुन्हा आपटले. एर्मेलिंदा समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. तिच्या तोंडावरचा रंग उतरला.

"वहिनी," रुफिना एकदम हळू म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं, आणि ती मोठ्याने म्हणाली, "वहिनी, तुम्हाला ऐकू येत नाही!"

खरं तर इथे थांबायला हवं होतं. पण नणंदेची जीभ ती, थांबते कसली! "आईने मोठ्या तोऱ्यात कान बघून निवडली होती सून," ती पुढे म्हणाली. "बघ म्हणावं आता."

एर्मेलिंदाने चुलीवरचं पाणी उतरवलं. तिला आधीच्या उकळीतलं सूत आठवलं होतं. त्यात कुठे कुठे तपकिरी डाग पडले होते, आणि राखेत माती असेल म्हणून तिने ते सोडून दिले होते. माती नव्हती ती. माझ्यासारख्याच कोणीतरी आत ठक्क ठक्क केलं असेल, आणि रुफिना तेव्हा आलेली नसेल. मला माझ्या भावंडांची आठवण झाली. मित्रांनो, मला राग यायला हवा होता. पण त्या बाईने मला रुफिनाच्या हातातून असं अलगद घेतलं की राग धरवेना.

रुफिनाने गुपचूप बसून सगळं पोतं ऐकलं. आत आणखी एक जिवंत कोष निघाला. तो तिने रुमालात बांधला. "हा मी नेते. एक तुमच्याकडे, एक माझ्याकडे. बघू कोणाची आधी निघते," ती जाता जाता म्हणाली. चेष्टेने घरातलं वातावरण हलकं होईल, असं तिला वाटलं असावं. वहिनीने पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी रुफिना आली नाही. तिसऱ्या दिवशी आली तर दार बंद. एर्मेलिंदाने रानात जाणं सोडलं. मागावर अर्धी शाल तशीच ताणलेली राहिली. मला तिने एका दोऱ्याला बांधून खिडकीपाशी लटकवलं आणि चूल दिवसरात्र पेटती ठेवली. तिला वाटलं, या जिवाला आपण मारायला निघालो होतो, आता निदान थंडी तरी लागू द्यायची नाही. तिच्या मायेत काही खोट नव्हती. पण आम्हाला ऊब म्हणजे वसंत आला असा निरोप असतो. बाहेर पाणी गोठत होतं आणि आत मला वाटलं, चला, वेळ झाली.

मी तोंडातून पाझर सोडून दाराचे धागे सैल केले, खांदे घुसवले आणि ढकललं. बाहेर आले तेव्हा ओली, लोळागोळा झालेली, पंख चिंध्यांसारखे. कोषालाच धरून लोंबले. हळूहळू पंखांत रस भरत गेला, ते उलगडले, सुकले. विटकरी नि तपकिरी, कडेला फिकट गुलाबी पट्टा, आणि चारही पंखांवर एकेक आरपार दिसणारी तिकोनी खिडकी. एर्मेलिंदा माझ्यासमोर स्टूल घेऊन बसली होती. "आलीस, बाई," ती म्हणाली. आठवडाभरात ती पहिल्यांदा कोणाशी बोलली असेल.

तिने बशीत मध ठेवला. मी शिवले नाही. तिने साखरेचं पाणी ठेवलं. मी तिकडेही वळले नाही. ती कष्टी झाली. मग तिचं तिलाच आठवलं. आम्हाला तोंड असून नसल्यासारखं असतं. अळी असताना जे खाल्लं त्याच शिदोरीवर उरलेले थोडे दिवस काढायचे असतात, आणि त्या दिवसांत काम एकच. जोडीदाराला बोलवायचं. त्याने आलं पाहिजे, नाहीतर पोटातली सगळी अंडी वाया जातात.

अंधार पडला की मी खिडकीच्या काचेला धरून बसायचे आणि पोटाचं टोक बाहेर काढून माझा वास सोडायचे. माणसांना तो येत नाही. नराला मात्र कोसावरून येतो, त्याच्या मिशा पिसांसारख्या असतात त्या त्यासाठीच. पहिली रात्र गेली. दुसरी गेली. काचेवर धडकून माझ्या पंखांच्या कडा फाटल्या. बाहेर माझ्या जातीचं कोणी नव्हतंच. सगळे आपापल्या कोषात, वसंताची वाट बघत. मी एकटीच चुकीच्या ऋतूत जन्मले होते. आणि चुकून कोणी असता तरी काय उपयोग होता? मला गारठा लागू नये म्हणून एर्मेलिंदाने खिडकीच्या फटी चिंध्यांनी बुजवल्या होत्या. माझी हाक त्या खोलीतच फिरत होती.

मलाही कान नाहीत, मित्रांनो. मग मी हे सगळं बोलणं ऐकलं कसं, असं विचारू नका, तेवढं मला माफ करा. पण कान नसल्यामुळे मला तिची बाजू कळते. आपल्यापर्यंत काही येत नाही म्हणजे कोणी बोलावतच नाही, असं वाटायला लागतं.

तिसऱ्या संध्याकाळी तिने चिमणी वर धरून मला न्याहाळलं. माझं पोट लयीत हलत होतं. "तू हाक मारते आहेस का गं?" तिने विचारलं.  मग तिने खिडकीच्या चिंध्यांकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "आणि मी सगळं बुजवून बसले आहे."

तिने मला अंगावरच्या शालीवर बसवलं, वरून ओंजळ धरली आणि दार उघडलं. कोरडी नदी ओलांडताना ती दोनदा थांबली. एकदा तर परत वळली. शेवटी स्वतःशीच काहीतरी पुटपुटत रुफिनाच्या अंगणात पोचली. रुफिना शेळ्या कोंडत होती.

"तुझा निघाला का?" एर्मेलिंदाने विचारलं.

"चुलीजवळ टांगला होता, कालच निघाला. नर आहे. घरात नुसता धुमाकूळ घातलाय, सगळी भांडी पाडली मेल्याने." रुफिना तोंड फुगवूनच बोलत होती. "तेच सांगायला आले होते सकाळी. काल संध्याकाळी पण आले होते. परवा चीज घेऊन आले होते. दार वाजवून वाजवून हात दुखला. उघडलं नाहीत ते नाहीच. एवढा राग असतो का वहिनी? माझी जीभ लांब आहे, तुम्हाला काय आज कळलं?"

एर्मेलिंदा तिच्या ओठांकडे बघत होती. सगळं कळलं नसेल, पण दार कळलं. दारावर मारलेल्या मुठीची खूण रुफिनाने हवेत केली होती.

"दार वाजवलंस?" तिने विचारलं.

"या तीन दिवसांतच तीनदा! त्याआधी आले ते वेगळंच."

"मला वाटलं, तू येतच नाहीस." एर्मेलिंदा म्हणाली. "ऐकू आलं नाही गं. मला ऐकू येत नाही, रुफिना."

 रुफिनाच्या हातातून शेळीचा दोर सुटला, शेळी मक्याच्या कणसांत घुसली, तरी ती तशीच उभी. मग तिने पुढे होऊन वहिनीच्या गालाला गाल लावला. मधे मी होते, माझा एक पाय तिथे मोडला. पण तक्रार करावी असा तो प्रसंग नव्हता.

त्यांनी मला अंगणातल्या मोयेवर ठेवलं. गारठा होता, पण वारा होता, आणि माझी हाक त्यावर बसून गेली. रुफिनाने आपली खिडकी सताड उघडली. थोड्याच वेळात काहीतरी अंधारातून फडफडत आलं, एकदा चुकलं, दुसऱ्यांदा माझ्या शेजारी बसलं. तो माझ्यासारखाच चुकीच्या ऋतूत जन्मला होता. आम्ही दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत एकत्र होतो. मग तो गेला, कुठे ते मला ठाऊक नाही. मी मोयेच्या पानांच्या पाठीवर अंड्यांचे पुंजके चिकटवले. हा पाला थंडीतही हिरवा असतो. त्यातली किती जगतील हे मी पाहणार नाही. माझ्या आईनेही पाहिलं नव्हतं.

आज सकाळी दोघी इथेच, मोयेखाली पोतं घेऊन बसल्या आहेत. मध्ये माते काढ्याचा पेला फिरतो आहे. एर्मेलिंदा एकेक कोष काढते, आणि स्वतः कानाशी न नेता समोर धरते. "तू ऐक," ती म्हणते. रुफिना ऐकते, मान हलवते, कोष भांड्यात पडतो. "आई बघत असेल तर तोंडात बोट घालेल," रुफिना मधेच म्हणाली. एर्मेलिंदाला ते ऐकू आलं नाही, मग रुफिनाने तेच ओरडून सांगितलं, आणि दोघी हसल्या.

आत्ताच एर्मेलिंदाने खिशातून माझा कोष काढला, दोऱ्यासकट. हा तिने इतरांत मिसळला नव्हता. तो रिकामा आहे हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. तरीही तिने तो रुफिनापुढे धरला. रुफिनाने हलवला.

"सालपट खुळखुळतंय नुसतं. गेलीय ती."

"नक्की?"

"नक्की, वहिनी."

"मग टाक," एर्मेलिंदा म्हणाली. आता माझं घर त्या अर्ध्या राहिलेल्या शालीत जाईल.

मित्रांनो, पानगळीच्या दिवसांत कुठे फांदीला लोंबता कोष दिसला, तर कानाशी धरून हलवा. ठक्क वाजलं तर त्याला तिथेच राहू द्या. आणि तुम्हाला काहीच ऐकू आलं नाही, तर तो रिकामा आहे असं लगेच म्हणू नका. मला ऐकू आलं नाही, असं म्हणा, आणि शेजारच्याला हाक मारा.